ज्याचं त्याचं लॉगिन

ताईला मी लहानपणापासून सांगत आले आहे, बाई गं, तोंड उघड. ती राबराब राबते आणि कौतुक दुसऱ्याच्या पदरात पडलं तरी हसून बघते. अशी माणसं घरात छान असतात. बांधकामावर त्यांचा पार भुगा होतो.

ताई एका शाळेच्या नव्या इमारतीवर इंजिनिअर आहे आणि मी त्याच कंपनीच्या ऑफिसात प्रोग्राम लिहिते. तिथल्या नव्या स्लॅबच्या आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "तुझ्या बहिणीच्या नावावर सॉफ्टवेअरमध्ये एकही मंजुरी दिसत नाही. करते तरी काय ती दिवसभर? पुढच्या मजल्यापासून मी दुसरा माणूस आणतोय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खालचे दोन्ही मजले तिनेच ओतून घेतले होते, उन्हात उभी राहून. पण पगार मलाही हवा असतो. "उद्याचा स्लॅब होऊ द्या साहेब, मग बोलू," एवढंच म्हणाले.

आता त्या स्लॅबचं दुखणं सांगते. आजवर मंजुऱ्या अख्ख्या मजल्याच्या, सुट्या सुट्या दिल्या तरी चालायच्या; आता नवा नियम आला होता. स्लॅबचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागासाठी सॉफ्टवेअरमध्ये मंजुरीची एक साखळी सुरू करायची. वर्कफ्लो म्हणतात तिला. सळईवाला 'माझं काम झालं' म्हणणार, मग प्लंबर, मग वायरमन, शेवटी इंजिनिअर. साखळी पुरी नसेल तर काँक्रीटची गाडी आल्या पावली परत. ताई हाताने एकेक साखळी सुरू करत बसली असती तर संध्याकाळच झाली असती, आणि गाड्या दुपारी येणार होत्या. म्हणून मी एपीआयचा घाट घातला. एपीआय म्हणजे सॉफ्टवेअरचं मागचं दार. बटणं दाबत बसायचं नाही. आपला प्रोग्राम थेट आत जाऊन सांगतो, या भागाची साखळी सुरू कर, ही त्यातली माणसं. माणसांची लॉगिनं प्रोग्राम साइटच्या जुन्या नोंदींतून उचलणार, एका दमात सगळं तयार.

सकाळी साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये लॅपटॉप उघडून मी ऐटीत बटण दाबलं. पडदा लालेलाल. प्रत्येक भागाला एकच उत्तर: एकच व्यक्ती साखळीत दोनदा चालणार नाही.

"ताई, सळईवाल्याचं लॉगिन कोणतं?"

"तो काय, खिळ्याला टांगलाय तो फोन."

"आणि प्लंबरचं?"

"तोच की."

"तुझं?"

ताईने त्याच फोनकडे बोट दाखवलं. मी फोन काढून बघितला. त्यात नाव हेल्मेटकाकांचं! ताईच्या आधीचे इंजिनिअर, जेवतानाही हेल्मेट न काढणारे. निवृत्त होऊन ते कधीच घरी गेले होते, पण त्यांचा फोन भिंतीवर राहिला, आणि ज्याचं काम झालं तो येऊन त्यावर बटण दाबून जायचा. ताईसुद्धा! म्हणजे काका घरी गुलाबांना पाणी घालत बसले होते आणि इथे मजल्यामागून मजले मंजूर करत होते. मी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, साहेब उगाच का बोंबलतायत? तुझी सगळी मेहनत काकांच्या खात्यावर गेली!"

ताईचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, तिचाच.

एवढ्यात मुकादम डोकावले. "मॅडम, गाड्या तिकडून निघाल्यात. त्या मधल्या पायऱ्या काढून टाका ना. एकट्या काकांच्या नावावर होऊन जाऊ दे. आजवर चाललंच की."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईच म्हणाली, "नाही."

मी बघतच राहिले.

"सगळ्यांना खाली बोलवा," ती म्हणाली. "आपापला फोन घेऊन. ज्याचं काम, त्याचं नाव."

मग केबिनमध्ये ही गर्दी झाली. प्लंबरमामा कुरकुरत होते, "मी फोन गाणी ऐकायला घेतलाय हो, सह्या करायला नाही." वायरमनला पासवर्ड सुचेना, शेवटी त्याने बायकोचं नाव टाकलं आणि सगळ्यांना मोठ्याने सांगूनही टाकलं. मी त्याला दुसरा घालायला लावला. ज्याचं त्याचं लॉगिन झालं आणि मंडळी पुन्हा वर कामाला गेली. शेवटच्या पायरीवर मी ताईचं नाव टाकलं आणि पुन्हा बटण दाबलं.

पडद्यावर एकेक ओळ हिरवी होत गेली. आणि मग वर स्लॅबवर फोन वाजायला लागले! सळईवाल्याचा, त्याच्या जोडीदाराचा, मग मामांचा, तोही गाण्यासकट. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

सळईवाल्यांच्या मंजुऱ्या पटापट आल्या. मामांनी मात्र एका भागाला नकार दिला. मुकादमांचा जीव टांगणीला लागला. ताई धावत वर गेली, मागोमाग मी.

मामा सळयांवर उकिडवे बसले होते. "इथे मुलींच्या स्वच्छतागृहाचा पाइप खाली जायचाय, आणि त्याला जागाच ठेवलेली नाही," ते म्हणाले. "खिळ्यावरच्या फोनवर मी खालूनच बटण दाबून मोकळा झालो असतो. पण आता माझं नाव लागणार म्हटल्यावर म्हटलं, बघून तरी यावं."

"बरं झालं बघितलंत, मामा," ताई म्हणाली. काँक्रीट ओतल्यावर हे कळलं असतं तर नवाकोरा स्लॅब फोडावा लागला असता. तिने सुताराला हाक मारली, पाइपाचा तुकडा मागवला, स्वतः वाकून माप धरलं. मामांनी हो म्हटलं, मागोमाग वायरमनने. पहिली गाडी फाटकातून आत शिरली तेव्हा ताईने आपला फोन काढून, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या नावाने मंजुरी दिली. भागामागून भाग. मग तिने हात वर केला आणि काँक्रीट धो धो पडायला लागलं.

मोठ्या साहेबांचा फोन माझ्यावर आला. "अगं, आज सगळीकडे तुझ्या बहिणीचंच नाव दिसतंय!"

"तिच्याशीच बोला," म्हणून मी फोन ताईच्या कानाला लावला.

"पुढचा मजलाही मीच ओतणार आहे, साहेब," ताई काँक्रीटच्या पंपाच्या आवाजात ओरडून म्हणाली. "आणि खालचे दोन्हीसुद्धा मीच ओतलेत. काकांना फोन करून विचारा."

आणि साहेबांच्या आधी तिनेच फोन ठेवला.