सुरमईची सरासरी

"या जगात कोणीही कोणाला पुरतं वाढत नाही, मानवी इतिहासाचं सार हे एवढंच," असं रघुवीररावांनी भर खानावळीत जाहीर केलं. इतिहासाचा हा सगळा डोलारा सुरमईच्या एका तळलेल्या तुकडीवर उभा होता, आणि ती तुकडी त्यांना बारीक वाटत होती.

लालबागमधली ही खानावळ सुंदराबाईंची. त्यांच्या भाच्याने भिंतीवर नवा फलक लावला होता : 'सुरमई तुकडी, सरासरी ९० ग्रॅम.' रघुवीररावांना तेव्हाच वास आला होता. सरळ माणूस 'सरासरी' म्हणेल कशाला?

"भाऊ, सिद्ध करा," सुंदराबाई ओटा पुसत म्हणाल्या. "नायतर पंधरवड्यानंतरच्या रविवारी सगळ्यांसमोर माझा चुकला म्हणा. ता पण जमणा नसात, तर दुसरी खानावळ बघा."

बायको गेल्यापासून रघुवीररावांना घरी फक्त चहा करता येत असे, आणि तो पिताना ते स्वतःकडेही संशयाने बघत. त्यामुळे प्रकरण गंभीर होतं. त्यांनी मसाला गल्लीतल्या ओळखीच्या दुकानातून काटा आणला. त्याला मिरचीपूड इतकी मुरली होती की वजन करताना शेजारची दोन माणसं शिंकत. पंधरवडाभर रोज आधी वजन, मग घास.

आकडे गेले शेजारच्या संघमित्राकडे. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होती.

"काका, तुमची सरासरी निघते एकशे चार. म्हणजे पंच्याण्णव टक्के विश्वासाने, खरी सरासरी अठ्ठ्याण्णव ते एकशे दहाच्या मध्ये कुठेतरी."

"एक आकडा सांग. दोन उत्तरं देणारा काहीतरी लपवत असतो."

"सगळ्या तुकड्या मोजल्यात का आपण? मूठभर मोजल्या, तर अंदाजाला थोडी जागा नको?"

"आणि उरलेले पाच टक्के? ते कोणी खाल्ले?"

"असंच शंभरदा मोजून 'अठ्ठ्याण्णव ते एकशे दहा'सारखे शंभर पट्टे काढले, तर पंच्याण्णवच्या आसपास पट्ट्यांत खरी सरासरी सापडेल. बाकीचे चुकतील. आपला कुठला, ते सांगता येत नाही."

रघुवीररावांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "बाईंनी तुला काही दिलं का गं?"

"वडे दिले. तुम्हालाही देतात." मग तिने विचारलं, "काटा ठेवता कुठे?"

"पानाशेजारी. अगदी उघड. आपला कारभार स्वच्छ."

"मग तो बाईंनाही दिसत असेल ना? काका, ही खानावळीची सरासरी नाही. ही काट्याशेजारच्या पानाची सरासरी आहे."

इतकी वर्षं त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला होता. या यादीत आपलं पान राहून गेलं होतं, हे त्यांना प्रथमच कळलं.

रविवारी काटा बाईंना दिसणार नाही असा दाराबाहेर ठेवला. कोणाकोणाची तुकडी मोजायची, याच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या. पानं वाढून झाल्यावर त्या रघुवीररावांनीच उचलल्या, दुसऱ्यावर कसा विश्वास ठेवणार? वाढलेली ताटं बाहेर जात, शिंकत परत येत. शेवटी संघमित्राने फोनवर हिशोब मांडला.

"पंच्याऐंशी ते त्र्याण्णव. नव्वद आत बसतं. फलक खोटा आहे असं म्हणायला पुरावा नाही."

"म्हणजे नव्वदच आहे?"

"तसंही नाही. अठ्ठ्याऐंशीही आतच आहे."

"बघा, पुन्हा दोन," रघुवीरराव पुटपुटले. पण पंगत त्यांच्याकडे बघत होती. ते उभे राहिले, घसा साफ केला आणि भिंतीवरच्या फलकाला उद्देशून म्हणाले, "माझं चुकलं."

"बसा. जेवा आता," सुंदराबाई म्हणाल्या आणि त्यांनी पान वाढलं. त्यात सगळ्यांसारखीच एक तुकडी होती. रघुवीररावांनी ती उलटून पाहिली. दुसरी बाजूही तेवढीच होती.

"बाई," ते हळूच म्हणाले, "मसाल्याचं दुकान आज बंद आहे, काटा परत देता येत नाही. तो दोन दिवस माझ्या पानाशेजारी राहू द्याल का?"