विनापरवानगी

२००३ च्या दुष्काळात माझे वडील वडवणीजवळच्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन, आणि त्यातले एक कायम तालुक्याच्या बैठकांना. म्हणजे शाळा एकट्या शहादेव गुरुजींचीच. मी चौथीत, त्यांच्याच वर्गात होते. शाळेत गुरुजी म्हणायचं आणि घरी अण्णा, हे मला पहिलीतच बजावून ठेवलेलं होतं.

फेब्रुवारीतल्या पालकसभेला चाळीसेक माणसं आली. एरवी दहा यायची. रानात काम नव्हतं म्हणून आली. अण्णांनी ओसरीत सतरंज्या अंथरल्या. आम्हा मुलांना सुट्टी दिली होती, पण मी खिडकीपाशी बसून राहिले. आई मागे बायकांत बसली होती.

"गुर्जी, आमचं पोरगं घरची भाकर खाईना," तुळजाबाई म्हणाल्या. "शाळंतली खिचडीच पायजे म्हनतंय. काय घालता तिच्यात?"

"त्ये आमाला बी सांगा," मागून कुणीतरी म्हणालं. "आमचं म्हातारं बी भाकरीला नावं ठिवाया लागलंय."

लोक हसले. मग बिभीषण उठले. त्यांच्या मुलाला सातच्या पुढचे पाढे येत नव्हते. "हाणा की गुर्जी त्याला. हाडं आमची, कातडं तुमचं."

"कातडंच तेवढं राहिलंय पोरांच्या अंगावर, बिभीषण," अण्णा म्हणाले. "तेही मागता?"

यावर लोक अर्धवटच हसले. अण्णांनी हजेरीपट उघडला. टँकर आठवड्यातून तीन दिवस यायचा. त्या दिवशी चौथीतल्या अकरा मुलींपैकी दोन वर्गात असायच्या. "त्यातली एक माझी," ते म्हणाले. "बाकीच्या विहिरीवर."

"मंग काय करावं?" साखराबाई म्हणाल्या. त्यांची जाई माझ्या शेजारी बसायची. "मालक मेंढरं घिऊन गंगंकडं गेल्यात. मी दिसभर चारा छावनीत म्हशीपाशी. सासूला दिसत न्हाई. पानी कुनी भरावं? म्या तर ठरीवलंय, सोमवारपून जाईला काढती शाळंतून."

जाई वर्गात कशालाही विचारायची. पाणी प्यायला, पेन्सिलीला टोक करायला, खिडकी लावायला. हात वर करून उभी राहायची आणि अण्णांचं लक्ष जाईपर्यंत तशीच थांबायची. मुलं तिला 'इचारू का बाई' म्हणून चिडवायची.

अण्णांनी हजेरीपट मिटला. मग म्हणाले, "काढू नका. टँकरचा हॉर्न झाला की मी घंटा देईन. मुली जातील, एक खेप भरतील आणि येऊन वर्गात बसतील. अर्धा तास. घागरी सकाळीच ओसरीत आणून ठेवा."

बंकटराव पुढेच बसले होते. ते गावच्या सोसायटीचे चेअरमन. टँकर सोसायटीमार्फत यायचा आणि सोसायटीच्या विहिरीत रिकामा व्हायचा. "लई बेस काम केलं गुर्जी," ते म्हणाले. "पोरी शाळंत बी आन् पानी घरात बी."

"आन् तुमची लेक?" तुळजाबाईंनी विचारलं. "तिची घागर काय तुमी डोक्यावर घेनार का?"

सगळे हसले. अण्णाही हसले. "तीही जाईल," ते म्हणाले. मग सगळ्यांनी हात वर केले. आईनेही केला.

युक्ती चालली. घंटा झाली की आम्ही रांगेने निघायचो. अण्णा ओसरीत उभे राहून जाताना मोजायचे आणि परत आल्यावर मोजायचे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात चौथीत एकही मुलगी गैरहजर नव्हती. आठवडा संपला त्या दिवशी ते घरी येताना शीळ घालत आले, म्हणून मला तो आठवडा आठवतो.

विहिरीचा कठडा एका बाजूने ढासळलेला होता. आमच्या बौद्धवस्तीतल्या बायका त्या बाजूला उभ्या राहायच्या. तसं कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण त्या दुसऱ्या बाजूला जातही नसत. त्यानंतरच्या मंगळवारी पलीकडे फार गर्दी झाली म्हणून जाई आमच्या बाजूला आली. टँकरचा पाइप सुटला, पाणी पडायला लागलं आणि सगळे दोर एकदम आत गेले. जाईचा दोर दुसऱ्या दोरात गुंतून ओढला गेला. तिने तो सोडला नाही. तो घरचा नव्हता, उसना आणलेला होता. खाली पाणी हातभर होतं आणि खडक होता. मी तिच्या शेजारी उभी होते. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बंकटराव आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी आत दिव्याची काच पुसत होते.

"तालुक्याचं शिक्षनाचे साहेब उद्या चवकशीला येनार हायेत," ते म्हणाले. "पोरी आपल्या आपन गेल्या म्हना. घंटा झालीच न्हवती."

"सभेत ठरलं होतं, बंकटराव. सगळं गाव होतं."

"वहीत हाय का?"

अण्णा सभेचं इतिवृत्त महिन्याच्या शेवटी एकदम लिहायचे, आणि फेब्रुवारीचं लिहायचं राहून गेलं होतं.

"मंग झालं तर. गावाचं म्या बघतो. टँकर बंद पडलेला कुनाला परवडतो? तुमी निलंबित व्हताल, ढासळल्याल्या कठड्यापायी माझी चेअरमनकी जाईल. आन् पोरगी माघारी येती का?"

अण्णांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बंकटराव गेल्यावर ते बराच वेळ ओट्यावरच बसून होते. आईने जेवायला बोलावलं तेव्हा आले आणि पानावर बसून तसेच उठले.

गुरुवारी चौकशी शाळेतच झाली. मुलं आत, पालक ओसरीत. जाईचे वडील धुळाजी गंगेकडून, म्हणजे गोदावरीकाठून आले होते, मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून. ते खांबाला टेकून बसले होते आणि साखराबाई त्यांच्या मागे. साहेबांनी अण्णांना विचारलं, "मुली वर्गाबाहेर गेल्या, त्या तुमच्या परवानगीने?"

अण्णांनी ओठ उघडले आणि तसेच थांबले. साहेब वाट बघून कंटाळले आणि वर्गाकडे वळले. मी पहिल्या रांगेत होते.

"तू होतीस का विहिरीवर? भिऊ नको. त्याआधी शाळेची घंटा झाली होती?"

मला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. मी अण्णांकडे पाहिलं. ते फळ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले.

अण्णा तेव्हा बोलू शकले असते. ओसरीतल्या चाळीस माणसांपैकी कुणीही बोलू शकलं असतं. साहेबांनी लिहिलं आणि रीतीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं. सदर विद्यार्थिनी विनापरवानगी वर्गाबाहेर गेली.

साखराबाई उठून उभ्या राहिल्या. "माझी जाई न इचारता उठनारी न्हवती," त्या म्हणाल्या.

साहेब म्हणाले, "बाई, खाली बसा." धुळाजींनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

वार्षिक परीक्षेपर्यंत चौथीतल्या पाच मुलींची नावं हजेरीपटावरून कमी झाली. पुढच्या वर्षी अण्णांनी बदली मागून घेतली. ते आणखी वीस वर्षं शिकवत राहिले आणि चांगलं शिकवलं. आदर्श शिक्षक पुरस्काराचा अर्ज त्यांनी एकदाही भरला नाही. लोक त्याला साधेपणा म्हणायचे. त्यांच्या पगारावर मी बीडला, मग औरंगाबादला शिकले. घरात पुस्तकांना कधी नाही म्हटलं गेलं नाही. त्या गुरुवारबद्दल आम्ही एकमेकांशी कधीच बोललो नाही. शेवटच्या आजारपणात मी महिनाभर त्यांच्या उशाशी होते. तेव्हाही नाही. मी विचारायला हवं होतं की त्यांनी सांगायला हवं होतं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

अण्णा गेल्यावर पाचव्या दिवशी, त्यांच्या जलदानविधीला त्या जुन्या गावाहून एक जीप भरून माणसं आली. साखराबाई त्यात असतील असं मला वाटलं नव्हतं. धुळाजी वारले होते. त्या बायकांच्या बाजूला येऊन बसल्या. मी पाणी घेऊन गेले.

"काय करतीस?"

"कॉलेजात शिकवते."

"शिकविती. बरं." त्यांनी पेला खाली ठेवला. "वाचनारी मानसं तुमी. म्हून इचारती. सरकारी कागद किती वर्सं ऱ्हातो गं?"

"कुठला कागद?" मी म्हणाले. मला माहीत होतं.

"जाईचा. इनापरवानगी लिवलेला."

"माहीत नाही," मी म्हणाले. "असेल अजून."

बुद्धवंदना झाली, विधी झाला, आणि बोलणारे एकेक उठू लागले. बंकटराव आता काठी घेऊन चालतात. माइक हातात धरून ते म्हणाले, "गुर्जींच्या शाळंत शिस्त व्हती. पोरगं इचारल्याबिगर जाग्यावरून हालायचं न्हाई." कुणीतरी "खरंय" म्हणालं. कुटुंबाच्या वतीने शेवटी मला बोलावलं. माझ्या हातात दोन पानं लिहिलेली होती. ती मी वाचली नाहीत.

"२००३ साली चौकशीत मी खोटं बोलले," मी म्हणाले. "घंटा झाली होती. अण्णांनीच दिली होती. जाईला परवानगी होती. तसं पालकसभेत ठरलं होतं."

बंकटराव काठी शोधू लागले. निवेदकाने माझ्या हातातून माइक घेतला आणि आता भोजनाची व्यवस्था केलेली आहे, असं सांगितलं.

पण कुणी उठण्याआधी साखराबाई उठल्या. त्या शेजारच्या तुळजाबाईंकडे वळल्या. "तू बी व्हतीस ना गं सभंला?"

तुळजाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"व्हतीस ना?"

"व्हते."

साखराबाई पुढे सरकल्या. बिभीषणसमोर उभ्या राहिल्या. "तुमी?" बिभीषणांनी खाली बघत होकारार्थी मान हलवली. त्यांच्या शेजारचा माणूस आधीच उठून चपला शोधत होता. त्याला साखराबाईंनी नावाने हाक मारून थांबवलं आणि तेच विचारलं. असं एकेकाला विचारत त्या पुढे येत होत्या. आवाज चढलेला नव्हता. जीपमधून आलेल्यांपैकी त्यांनी कुणालाही सोडलं नाही.

मग त्या आईसमोर आल्या. आई पाच दिवस नीट जेवलेली नव्हती. मला वाटलं मध्ये पडावं, पण मी जागची हलले नाही.

"तुमी, बाई?"

"होते," आई म्हणाली. "मी हात वर केला होता."

साखराबाईंनी मान डोलावली आणि त्या पुढच्या बाईकडे वळल्या.