मेनूवरचे अर्धे नाव

मित्रांनो, मी गोल आहे, जुनी आहे आणि माझ्या पोटात एका बाईचा अंत्यविधी आहे. घाबरू नका. अंत्यविधी असान्ते लोकांचा आहे, त्यामुळे त्यात रडण्यापेक्षा नाच जास्त आणि नाचापेक्षा जेवण जास्त आहे. मी डीव्हीडी आहे. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल. बहुतेक लग्नाच्या अल्बमखाली, उघडून पाहायची राहून गेलेली.

माझा जन्म माम्पोंगच्या बाजारात, ‘परमकृपा व्हिडिओ’ या दुकानात झाला. दुकानाच्या डाव्या हाताला वेण्या घालणारी बाई बसे आणि उजव्या हाताला शवपेट्या करणारा सुतार. धंद्याच्या दृष्टीने जागा उत्तम होती. मालकाचे नाव मिस्टर ओहेनेबा. त्यातले ‘मिस्टर’ त्यांनी स्वतःच लावून घेतले होते. शनिवारी ते गावातले अंत्यविधी टिपत आणि उरलेला आठवडा ते कापत बसत.

चित्रपट कसाही असो, मेनू देखणा हवा, असे त्यांचे ठाम मत होते. तबकडी यंत्रात सरकवली की सगळ्यात आधी जे पान पडद्यावर येते, तो मेनू. “हे घराचं दार आहे,” ते गिऱ्हाइकाला सांगत. “आत पसारा का असेना, दाराला रंग हवा.” माझ्या दाराला त्यांनी भरपूर रंग दिला. मधोमध गेलेल्या मामे बिरागो (‘मामे’ म्हणजे आई, मोठ्या बाईला मानाने लावतात), रंगीत विणीचे केंटे कापड खांद्यावर टाकून हसणाऱ्या. चार कोपऱ्यांत चार मेणबत्त्या. खाली तीन बटणे: शनिवार, रविवार, आभार. आणि या सगळ्यावरून डावीकडून उजवीकडे उडणारे एक पांढरे कबूतर. उजवीकडे पोचले की बिचारे पुन्हा डावीकडून निघे. त्याला कुठे जायचे होते, ते मला आजतागायत कळलेले नाही.

मग आला पार्श्वसंगीताचा प्रश्न. “मुका मेनू दिला तर लोक यंत्राला थपडा मारतात,” असे मिस्टर ओहेनेबा म्हणत. एरवी ते सर्वांना एकच पियानो देत. जन्म, लग्न, मरण, सगळ्याला तोच. पण मामे बिरागो बायकांच्या गाणाऱ्या मंडळातल्या होत्या आणि त्यांना निरोप द्यायला सगळे मंडळ आले होते. त्या गाण्यात एक बाई हाक देते आणि बाकीच्या ती उचलतात. हाक देणाऱ्या मामे पोकुआ गेलेल्या बाईला विचारत जातात: तू कुणाची लेक, कुणाची सोबतीण, कुणाची बहीण? आणि एकेक नाव घेतात. ज्याचे नाव आले तो माणसांत मोजला गेला. ज्याचे राहिले, तो वर्षभर राहिलेलाच असतो.

हे गाणे मेनूखाली घालायचे मिस्टर ओहेनेबांनी ठरवले, हा त्यांचा मोठेपणा. पुढचे काम मात्र कॉम्प्युटरने केले. त्यातला तबकड्या बनवणारा प्रोग्राम मेनूच्या आवाजाला अर्धे मिनिट देई. त्याला सांगितले तर तो जास्तही देई, पण मिस्टर ओहेनेबांनी त्याला कधी काही सांगितले नव्हते. दोघांचे बरे चालले होते. त्या अर्ध्या मिनिटात बिरागोच्या आईचे, नाना आच्याआंचे (‘नाना’ हा वडीलधाऱ्यांचा मान, बाईलाही लावतात), नाव पूर्ण बसले. चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा मिसेस एलिझाबेथ बायडू यांचे नाव मिसेससकट बसले. मग मामे पोकुआंनी श्वास घेऊन बिरागोच्या सख्ख्या भावाला हाक मारली, “आमोआ—” आणि अर्धे मिनिट संपले. कबूतर डावीकडे गेले, गाणे पहिल्यापासून सुरू झाले.

भावाचे पूर्ण नाव आमोआतेंग. ते माझ्या अंगावर कुठेच नाही. चित्रपटातल्या शनिवारात त्या गाण्याच्या जागी मिस्टर ओहेनेबांनी बँडबाजा लावला होता. “गाणं मेनूत दिलंय की, परत कशाला?” लेझरने हे सगळे माझ्यावर लिहिले. माझ्या जातीवर एकदाच लिहिता येते. खोडरबर चालत नाही.

मी बिरागोच्या घरी आले. मधे मोठे अंगण, भोवती खोल्या, खोल्यांत नातेवाईक आणि भाडेकरू असे ते घर. बिरागोची मुलगी आफ्रिये ओट्यावर शिवणयंत्र चालवी. बिरागोची धाकटी बहीण सेरवामावशी बाजारात कांदे विकी आणि घराचा कारभार पाही. टीव्हीचा रिमोट ही कारभारातली मुख्य वस्तू. ती तो चांगल्या बशांबरोबर कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावून बाजारात जाई.

आणि ती वर्षे विजेच्या लपाछपीची होती. वीज जाई, येई, पुन्हा जाई. आली की टीव्ही आपोआप लागे, यंत्र मला गरागरा फिरवी आणि थेट मेनूवर आणून सोडी. बटण दाबायला रिमोट नाही. मग मी काय करणार? मेनू वाजवत राही. शनिवार कुणी धड पाहिला नाही, रविवार तर जवळजवळ कुणीच नाही. पण ते अर्ध्या मिनिटाचे गाणे अंगणात सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरे. मित्रांनो, माझ्या कितीतरी बहिणी एकदा पाहून ठेवून दिल्या जातात. मला एवढे काम मिळाले, याबद्दल मी वीज मंडळाची आजन्म ऋणी आहे. त्यांचे आभार मानणारी बहुधा मी एकटीच.

बिरागो गेल्यापासून चाळिसाव्या दिवशी शेजारच्या न्सुता गावाहून वोफा आमोआतेंग आले. वोफा म्हणजे मामा. आणि असान्ते घरात मामाचा शब्द बापापेक्षा वजनदार. त्यांनी बहिणीची शवपेटी निवडली होती, तीन दिवस उभे राहून पाहुणे सांभाळले होते. ते पडद्यासमोर बसले. सेरवामावशी किल्ली शोधत होती. मी वाजत होते.

“आमोआ—”

वोफांनी मान वर केली. नाना आच्याआ झाल्या, मिसेस बायडू झाल्या.

“आमोआ—”

“पुढे?” वोफांनी विचारले.

“पुढे असंच आहे, वोफा,” आफ्रिये म्हणाली. “फिरून तेच येतं.”

“त्या चर्चवाल्या बाईचं नाव शेपटीसकट, आणि माझं गळ्यापाशी कापलं?”

“दुकानदाराची चूक आहे हो,” सेरवामावशी म्हणाली. “जरा थांबा, किल्ली सापडली की शनिवार लावते. शनिवारात तुम्ही आहात, दोनदा!”

“शनिवार शेजारी बघतात का? रस्त्यावरून जाणाऱ्याला शनिवार ऐकू येतो का?” वोफा उठले, छत्री उचलली. “सेरवा, मला एक सांग. या तबकडीत मी अर्धा मेलोय, की अर्धा जिवंत आहे?”

ते गेले ते गेलेच. महिने लोटले. न्सुता काही लांब नाही. भाजीच्या गाडीतूनही येता येते. तरी ते आले नाहीत.

आता इथे आफ्रियेची अडचण सांगायला हवी. शाळेत विज्ञान शिकवणारा येबोआ तिला आवडत होता आणि येबोआला तर तिच्याशिवाय दुसरे काही आवडतच नव्हते. त्याच्या घरचे दारूची बाटली घेऊन ‘दार ठोठावायला’, म्हणजे मागणी घालायला, येणार होते. ती बाटली मुलीच्या मामाने हातात घ्यायची असते. त्याने घेतली की बोलणी सुरू. नाही घेतली तर पाहुणे उठतात आणि लग्न तिथेच संपते. दुसऱ्या कुणी घेतलेली चालत नाही.

सेरवामावशीने फोन केला. वोफांनी पलीकडून शांतपणे सांगितले, “पूर्ण नावाचा माणूस शोधा. अर्ध्या नावाने पूर्ण बाटली कशी घ्यायची? माझा हात पोचायचा नाही.”

आफ्रियेने मला पिशवीत घातले आणि ‘परमकृपा’त नेले.

“मूळ टेप?” मिस्टर ओहेनेबांनी डोके खाजवले. “तिच्यावर बारसं टिपलंय. गोड बाळ होतं.”

“तुम्ही माझ्या आईवर बारसं टिपलंत?”

“जीवन पुढे जातं, सिस्टर.”

“तुमचं जात असेल. माझं लग्न तुमच्या मेनूत अडकलंय!”

मिस्टर ओहेनेबा वरमले. मग त्यांचा चेहरा उजळला. “पियानो देतो. पियानोत कुणाचं नाव नसतं, त्यामुळे कुणाचं भांडण नसतं. इतक्या घरांत दिलाय, एकानेही पियानोवर रुसवा धरला नाही.”

अशी माझी धाकटी बहीण जन्मली. तेच हसू, त्याच मेणबत्त्या, तेच कबूतर, खाली पियानो. मला कागदात गुंडाळून टीव्हीखालच्या फळीवर ठेवले. सेरवामावशीने निरोप धाडला: चूक दुरुस्त केली आहे, येऊन डोळ्यांनी पाहा. मुलीचा प्रश्न होता म्हणून वोफा आले. पण खुर्चीवर पाठ टेकून बसले नाहीत.

दुपार होती. अंगणात फुफूची, म्हणजे उकडलेले कंद कुटून करायच्या मऊ गोळ्याची, तयारी चालली होती. महिन्यापूर्वी राहायला आलेली भाडेकरीण ताविया उखळाशी उभी होती आणि तिची बहीण खाली बसून गोळा उलटत होती. आत पियानो वाजू लागला. टिंग, टिंग, टिंग. कबूतर निघाले.

वोफा बराच वेळ ऐकत राहिले. पियानो दोनदा फिरून आला.

“माझ्या आईचं नाव कुठे आहे?” त्यांनी विचारले.

आफ्रियेने फळीवरच्या कागदाकडे पाहिले.

“म्हणजे माझं अर्धं होतं म्हणून आईचं पूर्ण काढून टाकलं? आता गावात लोक म्हणतील, आमोआतेंगने स्वतःच्या आईला तबकडीतून हाकललं!” ते उठले. “काढा ते टिंगटिंग. मी निघतो.”

“दादा, बसा हो!” सेरवामावशी रडकुंडीला आली. “काय लावू मग? जुनी लावू? जुनीत तुमचा अपमान, नवीत आईचा. सांगा, काय लावू?”

“आईची लाव,” वोफा म्हणाले. “माझं राहू दे.” आणि छत्री घेऊन दाराकडे वळले.

आफ्रियेने मला कागदातून काढले. घाईत तिचा अंगठा माझ्या पोटावर उमटला. तो डाग अजून आहे आणि मी तो कुणाला पुसू देत नाही. मी फिरले. मेनू आला. नाना आच्याआ आल्या, मिसेस बायडू आल्या. वोफा उंबऱ्यात पोचले होते. मामे पोकुआंनी श्वास घेतला.

“आमोआ—”

“तेंग!” अंगणातून आवाज आला, आणि त्याच ठोक्याला तावियाचे मुसळ उखळात पडले. “आमोआतेंग! बिरागोचा भाऊ!” खाली बसलेल्या बहिणीने ते उचलले, नळावरच्या बाईने उचलले, कांदे सोलणाऱ्या म्हातारीनेही. कुणी मान वर करून पाहिले नाही. इतकी सवय झाली होती की घरातल्यांच्याही ते कानावर पडेनासे झाले होते. गाणे फिरले. पुन्हा आईचे नाव, पुन्हा मिसेस बायडू. त्या दोन्ही नावांना अंगण गप्प होते.

“आमोआ—”

“तेंग!” मुसळ पडले. “आमोआतेंग! बिरागोचा भाऊ!”

वोफा उंबऱ्यातच उभे राहिले. तावियाने घाम पुसायला हात थांबवला, तेव्हा त्यांनी विचारले, “बाई, हे काय म्हणता तुम्ही?”

“गाणं, नाना.”

“पण गाण्यात तर अर्धंच आहे.”

“अर्धंच असणार ना! ती हाक देऊन सोडते, मग आपण उचलायची. मी आले तेव्हाच या बायकांनी मला सांगितलं, इथं राहायचं तर एवढं म्हणावं लागतं.” तिने मुसळ पुन्हा उचलले. “बाकीची नावं तिची तीच म्हणते. एवढं एक आपल्याकडे आहे.”

“आणि हा आमोआतेंग कोण, ठाऊक आहे?”

“नाही बाई. पण मोठा माणूस असणार. दिवसभर त्याचंच नाव घ्यायला लागतं, हात भरून येतात!”

सेरवामावशीने तोंडाला पदर लावला. वोफांनी छत्री दाराच्या कडीला अडकवली, आत आले आणि या वेळी खुर्चीत पाठ टेकून बसले. सेरवामावशी रिमोट घेऊन धावली, “शनिवार लावते हं!”

“ठेव तो कपाटात,” वोफा म्हणाले.

फुफू कुटून होईपर्यंत ते ऐकत राहिले. ताविया दमली की तिची बहीण कुटे, पण नाव कधी चुकले नाही. मग त्यांनी घसा साफ केला. “आफ्रिये, त्या मास्तरच्या घरी कळव. शनिवारी नको, शनिवारी मेलेल्यांची कामं असतात. रविवारी या म्हणावं. आणि बाटली पूर्ण भरलेली आणा म्हणावं.”

रविवारी त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. मी वाजत होते.

मित्रांनो, पुढे ते यंत्र गेले, विजेची लपाछपीही बरीचशी गेली, आणि आता मी आफ्रियेच्या घरी कापडी पिशवीत असते. माझ्या पियानोवाल्या बहिणीला एकही ओरखडा नाही, कारण तिला कुणी परत लावलेच नाही. मी मात्र ओरखड्यांनी भरले आहे आणि त्यातला एकही मला परत द्यायचा नाही. मिस्टर ओहेनेबांनी प्रोग्रामला दोन शब्द जास्त सांगितले असते, तर मी बिनचूक झाले असते आणि अंगणाला माझे काही काम उरले नसते.

तेव्हा तुमच्या घरातली माझी बहीण शोधून काढा. तिला कडेने धरा, मऊ कापडाने मधून बाहेर पुसा, पक्षी हाकलायला शेतात टांगू नका. तिला वाजवा. आणि वाजता वाजता ती मध्येच तुटली, तर यंत्राला थपडा मारू नका. पुढचे तुम्हाला येत असेल, तर मोठ्याने म्हणा.