दुसरी वायर

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी असल्फ्याच्या चढावर विद्याधर प्रधानांची गाडी बंद पडली. मागच्या सीटवर त्यांची बायको सुनंदा होती. दिवस भरलेले, कळा सुरू झालेल्या. रिक्षा मिळून इस्पितळ गाठेपर्यंत पाऊण तास गेला.

प्रधानांच्या शेजाऱ्यांनी गाडी ढकलत घाटकोपरच्या गॅरेजात आणली, तेव्हा गुणाजी मिस्त्री हात पुसत उभा राहिला. काय बिघडलंय ते त्याला बॉनेट उघडायच्या आधीच ठाऊक होतं.

तीस वर्षं तो इंजिनं कानाने ओळखत आला होता. मार्चमध्ये हीच गाडी कोरी करकरीत आली, तेव्हा कान देऊन म्हणाला होता, "हिचो एक सिलिंडर मेलो हा."

जोडीचा मिस्त्री खंडू हसून लोळायचा बाकी होता. "अरे गुणाजी, हिला तीनच असतात. चौथा नाही म्हणून तर स्वस्त पडते, पेट्रोलही कमी पिते."

तेव्हापासून गॅरेजात पाना हरवला तरी ‘गुणाजीचा चौथा’ म्हणत.

परवा रविवारी प्रधान तेल बदलायला आले. या खेपेला आवाज खरोखरच तुटत होता. प्लगची एकेक वायर काढून बघायची. जी काढून आवाज बदलत नाही, तिचा सिलिंडर मेलेला. दोन मिनिटांचं काम. गुणाजीचा हात वायरीपर्यंत गेलाही.

"काय रे, चौथा सापडला का?" खंडूने विचारलं.

गुणाजीने हात मागे घेतला. "साहेब, या गाड्या अशाच थरथरतात," तो प्रधानांना म्हणाला.

चारातला एक गेला तर गाडी लंगडत का होईना चढ चढते. तिनातला गेला की उरतात दोन. हे त्याला रविवारीही कळत होतं.

आता त्याने इंजिन चालू केलं. पहिली वायर काढली. इंजिन गचके खात बंद पडायला आलं. ती लावून दुसरी काढली. आवाज तसाच राहिला.

खंडू शेजारी येऊन उभा होता. "रविवारी कळलं होतं तुला?"

"होय."

"मग बोलला का नाहीस?"

"मार्चात बोललो होतो ना."

खंडूने नवी वायर काढून त्याच्यापुढे धरली.

चार वाजता समोरच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला, सुनंदाबाईंना ऑपरेशनसाठी आत नेलंय. सहापर्यंत दुसरा निरोप नव्हता. गुणाजीने नवी वायर बसवली होती. गाडी चालू करून पाहिली नव्हती.