ऐनवेळचा विषय

एक मेच्या ग्रामसभेला माणसं विषय ऐकायला नाही, पंख्याखाली बसायला येतात. बारा वर्षं ग्रामसेवक म्हणून मी हेच बघतोय. त्या दुपारी घोडनदीकडून गरम वारा येत होता आणि सगळा हॉल पेंगत होता, मीसुद्धा. शेवटी ‘ऐनवेळचे विषय’ पुकारले, तर सखूबाई उठल्या.

त्यांचा मुलगा पाबळला वेल्डिंग शिकून परदेशी गेला होता. तिथं युद्ध पेटलं आणि झोपलेल्या कामगारांवर क्षेपणास्त्र पडलं, त्यात तो गेला. ‘मीच हुकूम दिला,’ असं तिथल्या शेजारी देशाच्या प्रमुखानं टीव्हीवर ऐटीत सांगितलं. सखूबाईंच्या हाती मात्र कागद आला, त्यावर कारण लिहिलं होतं, अपघात.

“भाऊसाहेब, लिवा,” त्या मला म्हणाल्या. “दुसऱ्या देशाचा पुढारी असंना का, आपली मान्सं मारली तर त्याच्यावर हितं खटला चालावा. खासदारानं दिल्लीत तसा कायदा मांडावा. ह्यो अपघात न्हाई.”

सरपंच मारुतराव हसले. “वहिनी, आपलं गटार मंजूर व्हईना, आन् तुमी कुठं निघाला?”

मला राग आला. पंचायतीच्या अधिकारात हे बसत नव्हतं, पण मागणी करायला कुणाची बंदी होती? मी लिहायला घेतलं.

उकाड्यानं डोळे जड झाले आणि मिटले. तो प्रमुख दारातल्या चपलांच्या ढिगाशी बूट काढताना मला दिसला. आत येऊन तो शेवटच्या सतरंजीवर मांडी घालून बसला. कुणीतरी त्याला तांब्या दिला. तो पाणी प्यायला आणि आपला विषय कधी निघतो याची वाट बघत राहिला. इतका साधा दिसत होता की मला त्याची चीडच आली.

“कुणावर खटला? नाव सांगा,” मी डोळे चोळत म्हणालो.

बातम्या देणारेही त्या नावाला अडखळतात. सखूबाईंनी ते एका दमात, स्वच्छ घेतलं. मेंढरं राखताना वर्षभर घोकलं होतं म्हणे.

“आणि मयताचं?”

त्यांचे ओठ हलले, आवाज फुटेना. माझी मलाच लाज वाटली.

“तो गेल्यापास्नं त्याचं नाव तोंडातनं काढलंच न्हाई,” त्या कशाबशा म्हणाल्या. “दुसऱ्याचंच घोकत बसले.”

मारुतराव खुर्चीतून उठले. “सुरज,” ते हळूच म्हणाले. “शाळेत आमच्या सत्यजीतच्या बाकावर बसायचा. भाऊसाहेब, अनुमोदक म्हनून माझं नाव घाला.”

मी लिहू लागलो. सखूबाई अजून उभ्याच होत्या.

“परत एकदा म्हना, सरपंच,” त्या म्हणाल्या.