ढगाळ दुपारचा पहारा

हळर्णला सगुणदादांच्या केळीत आम्ही एक पेटी बसवली होती. पेटी म्हणजे छोटा संगणक, त्याला कॅमेरा, वर सोलर पॅनल, खाली बॅटरी. रानातून गवे उतरले की तिने ते ओळखायचे आणि दिवा, भोंगा लावून परतवायचे. तिथे मोबाईलला सिग्नल धड नाही. चित्र डिचोलीला आमच्या ऑफिसात पाठवून उत्तराची वाट बघेपर्यंत गव्याचं जेवण उरकेल. म्हणून ओळखण्याचं काम जागच्या जागीच व्हायला हवं. अशीच एक पेटी शेजारच्या बाबलीच्या काजूच्या डोंगरावर आणि एक गावच्या शेतकरी सोसायटीच्या गोदामावर. तिघी आपसात बिनतारी बोलतात.

सुरुवातीला त्या दिसेल ते चित्र लगेच ओळखायला बसत. केळीचं पान हललं तरी. ओळखायला वीज लागते, आणि दिवेलागणीला, नेमके गवे यायच्या वेळेला, बॅटरी मान टाकायची. मग मी कामांची वाटणी नव्याने लिहिली. पाहणं थांबवायचं नाही. दिवसभरातली चित्रं मोजणं, त्यांतून शिकणं, अहवाल पाठवणं ही कामं भर उन्हावर ढकलायची. आणि स्वतःची बॅटरी उतरली असेल तर ओळखायचं चित्र जिच्याकडे वीज आहे त्या शेजारणीला द्यायचं.

त्या सोमवारी सोसायटीचे अध्यक्ष दत्तप्रसादबाब हे सगळं बघायला संध्याकाळी येणार होते. पेटीचं काम पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी कुंपणाला तार ओढणारा माणूस यायचा होता. तार म्हणजे थेट खांबावरच्या विजेची. त्या कुंपणाला लागूनच बायका व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, पाण्याला जातात. सगुणदादांना केळी घालवायची नव्हती, आणि तारेचं नाव काढलं की त्यांना जेवण जात नव्हतं.

पूजा आटोपून मी डिचोलीहून निघाले ती दुपारी पोचले. बॅटरी जवळजवळ रिकामी होती. सकाळी ऊन तर चांगलं पडलेलं. वर बघितलं तर पॅनलवर भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं ओळीने पसरलेली, लालभडक. मे महिना, घरोघर पुरूमेंताची, पावसाळ्याच्या बेगमीची घाई. सगुणदादांच्या बायकोने, विनोदिनीवयनींनी, सकाळीच शिडी लावून ती घातली होती.

"थंय ऊन बरां लागता गो बाय," त्या म्हणाल्या. "मुंगयो पण येणत नाय. माका वाटलां, काच ती काच."

त्यांच्यावर रागावायला जागाच नव्हती. तापलेली, उतरती, स्वच्छ काच कुठल्या बाईने सोडली असती? आम्ही दोघींनी सोलं सुपात काढली, पॅनल ओल्या फडक्याने पुसलं. पण तोवर मोपा गावाच्या बाजूने ढग चढले होते. आता बॅटरी भरण्यातली नव्हती.

सगुणदादा ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायला निघाले. कोणाला कळणार नाही, म्हणाले. मी त्यांना थांबवलं. आज ट्रॅक्टरवर चालवून दाखवली तर आषाढात काय दाखवणार, असं विचारलं. ते माघारी फिरले आणि केळीतून उगाच चकरा मारू लागले. मी इथूनच, बिनतारी, बाबलीच्या पेटीची बॅटरी तपासली. डोंगरावर सकाळभर ऊन होतं, ती भरलेली होती. माझी वाटणी अशाच दिवसासाठी लिहिलेली होती. मला काळजी वाटली नाही.

दत्तप्रसादबाब आले तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, की इथली बॅटरी उतरलेली आहे, ही पेटी आज फक्त बघेल, ओळखायचं काम बाबलीकडची करेल, आणि तिने गवा म्हटलं तर उरलेल्या विजेवर इथला दिवा-भोंगा लागेल. विनोदिनीवयनींनी चहा पुढे केला. मला सोमवारचा उपास होता म्हणून मी कप परत दिला. दत्तप्रसादबाबांनी ते बघितलं.

"तुझो सोमवार आसा म्हणान यंत्राकय उपास घडयतंस?"

सगळे हसले, मीही हसले. "उपाशी आहे, बाब," मी म्हटलं. "पण झोपलेली नाही."

दिवेलागण झाली. बांधावर काळं धूड हललं. सगुणदादा उठून उभे राहिले. पेटी गप्पच. दत्तप्रसादबाबांनी माझ्याकडे बघितलं. धूड पुढे आलं तेव्हा गळ्यातली घंटा ऐकू आली. बाबलीची म्हैस, वाट चुकलेली. डोंगरावरच्या पेटीने तिला म्हैस म्हणूनच ओळखलं होतं, म्हणून भोंगा वाजला नाही. वयनींनी म्हशीला हाकलून वाटेला लावलं.

थोड्या वेळाने व्हाळाकडची झुडपं वाकली. या खेपेस घंटा नव्हती. एक श्वास जाईल एवढाच वेळ गेला आणि दिवा फाडकन पेटला, भोंगा केकाटला. उजेडात पांढऱ्या पायमोज्यांचे तीन गवे दिसले. पुढच्याने फुरफुर केली, मान फिरवली, आणि तिघेही आले तसे व्हाळ उतरून रानात गेले. एकही केळ मोडली नाही.

सगुणदादा खाली बसले आणि पंच्याने तोंड पुसत राहिले.

दत्तप्रसादबाब मात्र लगेच पाघळणारे नव्हेत. आषाढात बाबलीकडेही ऊन नसेल, तेव्हा कोण कोणाला देणार, असं त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. मी सांगितलं, की तेव्हा मोजणी आणि अहवाल दिवसेंदिवस मागे पडतील, ऑफिसात माझ्या नावाने ओरड होईल, ती मी ऐकून घेईन. ओळखायची चित्रंही कमी करू, मोठं काही हललं तरच. पहारा तेवढा सुटणार नाही.

"आणि सुटलो तर?"

"तर मला बोलवा. मी स्वतः येऊन केळीत बसेन. पण तार नको, बाब. व्हाळावर जाणारी बाई तारेला ओळखता येत नाही."

त्यांनी कुंपणाकडे बघितलं. गवे दूर गेल्याचं बघून वयनी विजेरी घेऊन, रिकामी कळशी कमरेला लावून तिथूनच व्हाळावर निघाल्या होत्या. दत्तप्रसादबाबांनी मोबाईल काढला, सिग्नलसाठी बांधावर चढले, आणि तारवाल्याला उद्या येऊ नकोस म्हणून सांगितलं.