वर जाताना रिकामी

सगळ्या पिशव्या डोंगरावर भरून जातात आणि रिकाम्या होऊन उतरतात, मग माझंच उलटं का? हा प्रश्न मी घरातल्या खिळ्यालाही विचारला, फडताळातल्या डब्यांनाही विचारला.

मी पाठीवरची पिशवी बोलतेय. आधी मी सरकीच्या पेंडीचं पोतं होते. कडूबाईनं मला कापलं, साडीच्या काठाचे दोन पट्टे लावले आणि तळाला आतून रेक्झिन शिवलं. तिचा थोरला, संघपाल, मला पाठीला लावणार होता. बाटल्यांतलं उरलंसुरलं त्याच्या सदऱ्यावर गळू नये, एवढीच तिची काळजी.

संघपाल चितेगावला कंपनीत कामाला. रविवारी सुट्टी, मग आम्ही दोघं लेण्यांमागच्या डोंगरावर. वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, बाटल्या, एकदा तर एकाच पायाची चप्पल, दिसेल तो कचरा तो माझ्यात भरायचा. फिरायला आलेली पोरं हसायची, "भंगारवाला आला." तो म्हणायचा, "व्हय, पण भंगार तुमचंच हाय." दगडांवर कुणीकुणी रंगानं नावं लिहिलेली असायची. माझ्या खिशातला तारेचा ब्रश काढून तो ती घासत बसायचा. आधी बदाम, मग नावं.

धाकटा सम्यक कधीमधी सोबत यायचा. नववीत शाळा सोडून रंगकामाला लागलेला, डोक्यानं तापट. पुढच्या रविवारी पुन्हा तेवढाच कचरा असतोय, मग उपयोग काय, म्हणून कुरकुरायचा. संघपाल एवढंच बोलायचा, "आपण येऊन गेलो हे डोंगराला कळलं नाय पाहिजे."

ते दिवस लई सुखाचे. घाण वास यायचा मला, पण पाठ ओळखीची होती.

मग पैठण रोडवर अपघात झाला. संघपाल घरी आला नाही. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेली माणसं माझ्याखाली बसून उठून गेली. मी खिळ्यावरच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सम्यकनं मला ओढून काढलं. आत निळ्या ऑइलपेंटचा डबा, ब्रश आणि टर्पेंटाइनची बाटली टाकली. पहिल्यांदाच मी भरून वर गेले.

सगळ्यात मोठ्या दगडावर त्यानं हातभर अक्षरांत दादाचं नाव लिहिलं. घाईत संघपालचा ‘संगपाल’ झाला, तेही त्याला दिसलं नाही.

शेळ्या चारणाऱ्या म्हाळसाबाई जवळ आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "कुणाचं नाव रे?"

"माझ्या दादाचं. गेला तो."

घरात हे त्यानं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

बाईंनी मला ओळखलं. या पिशवीवाल्यामुळं माझ्या शेळ्यांच्या पोटात प्लास्टिक जायचं थांबलं, म्हणाल्या. मग त्या दगडाकडं वळल्या.

"असली नावं तोच घासायचा, लेकरा. आता त्याचं कोण घासंल?"

सम्यकनं ब्रश फेकून दिला. पुन्हा तोच उचलायला गेला आणि तिथंच बसून रडला. रडून झाल्यावर सदरा काढला, टर्पेंटाइनमध्ये भिजवला आणि ओला रंग पुसायला लागला. खाचांतला निळा तारेच्या ब्रशनं काढला. दगड पहिल्यासारखा काळा झाला, तेव्हाच उठला. सदरा, ब्रश, डबा, बाटली सगळं माझ्यात भरलं.

आता कडूबाईनं दुसऱ्या पोत्याची नवी पिशवी शिवलीय. दर रविवारी सम्यक तिला नेतो. आपलंच उलटं का, असं त्या नव्या पिशवीनं परवा मला विचारलं. जाईल चार वेळा, कळेल तिला. तुम्हीही कधी वर गेलात, तर पाठीवर थोडी जागा रिकामी ठेवा.

मला आता घडी घालता येत नाही. त्या दिवशी उतरताना डब्याचं झाकण निघालं आणि सगळा निळा रंग माझ्या तळाला सांडला. तिथंच तो वाळून कडक झालाय. पण पायथ्याला पोचेपर्यंत त्यातला एक थेंबही मी डोंगरावर पडू दिला नाही.